आंघोळीचा निळा रंग

भिंगरीला बसवत नाही. खुर्ची पुढे केली की ती आधी खुर्चीची गादी झटकते, मग गादीखाली काय सांडलंय ते बघते आणि तेवढ्यात तिला गॅसवरचं दूध आठवतं. चहा दिला तर कप घेऊन खिडकीशी जाते, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघते आणि म्हणते, "ती जांभळी दोन धुण्यांत जाणार." चादरीची मालकीण तिच्या ओळखीचीही नसते.

हे नाव तिला कारखान्यात पडलं. गालिच्यांसाठी लागणारं लोकरीचं सूत तिथे रंगवलं जायचं. उकळत्या हौदावर काठ्या आडव्या टाकलेल्या, काठ्यांवर लोकरीच्या लड्या टांगलेल्या, आणि त्या लड्या न थांबता फिरवत राहायच्या. हात थांबला की एक बाजू जास्त रंग पिते, दुसरी उपाशी राहते आणि लडी डागाळते. भिंगरी एका वेळी दोन हौद सांभाळायची. एका हौदावर लड्या फिरवून होईपर्यंत तिचं अर्धं अंग दुसऱ्याकडे वळलेलं असायचं. पायाला भिंगरी लागलीय म्हणून आधी थट्टा झाली, मग तेच नाव झालं. पगाराच्या पाकिटावर दुसरं काहीतरी लिहिलेलं असे, पण त्या नावाने कोणी हाक मारली असती तर तिने मागे वळून पाहिलं असतं की नाही, शंका आहे.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. वाळलेल्या लडीचा एक दोरा मास्तर पाण्याच्या बादलीत टाकायचा आणि सगळ्यांना भोवती उभं करायचा. पाणी स्वच्छ राहिलं तर तो काही बोलायचा नाही. पाणी रंगलं, तर ज्याच्या हौदातली लडी असेल त्याचं नाव घ्यायचा. फक्त नाव. पुढे काही बोलायची गरज पडत नसे. भिंगरीचं नाव सुरुवातीच्या वर्षात एकदा घेतलं गेलं. त्या दिवशी ती जेवली नाही. पुढे निवृत्त होईपर्यंत तिच्या हौदातल्या दोऱ्याने बादलीतल्या पाण्याला रंग दिला नाही. दुनियेत पाप किती प्रकारचं असतं याचा तिने फारसा विचार केलेला नाही, पण रंग सुटणं हे त्यातलं एक, एवढं तिच्या हाडात मुरलेलं आहे.

अशा बाईला तिच्या लेकीने आपल्या घरी आठवडाभर राहायला बोलावलं.

लेक रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली होती. आता मुलगी तीन वर्षांची झाली होती आणि प्रयोगशाळेने सोमवारपासून परत बोलावलं होतं. मुलीला घरात सगळे गुंडी म्हणत. गोल, लहान आणि कुठेही घरंगळून कपाटाखाली सापडणारी.

"रोज थोडा थोडा वेळ मी बाहेर जाईन," लेक म्हणाली. "तुमचं दोघींचं जमलं, तर सोमवारपासून गुंडी तुझ्याकडे. नाहीतर कोपऱ्यावर पाळणाघर आहे. तिथे बोलून ठेवलंय."

"म्हणजे परीक्षा."

"परीक्षा नाही गं आई. सवय."

"आणि नापास झाले तर?"

लेक हसली नाही. "तू तिला एकटीला खेळू देत नाहीस. ती खडू घेते, तू तिची बोटं सरळ करतेस. ती ठोकळे रचते, तू खालचा ठोकळा नीट बसवायला जातेस आणि सगळं पाडतेस."

"वाकडा होता तो."

"वाकडा राहू दे ना."

भिंगरीने मान डोलावली आणि बोलता बोलता टेबलावरचं मीठ-मिरीचं भांडं दोन बोटं डावीकडे सरकवलं. लेकीने ते पाहिलं.

तसं दोघींचं जमत होतं. गुंडी आजीच्या मागे मागे फिरायची. आजी एका जागी नसल्यामुळे तिला तो एक खेळच झाला होता. अडलं ते आंघोळीशी. पंधरवड्यापूर्वी गुंडीच्या डोळ्यांत साबण गेला होता आणि तेव्हापासून आंघोळ हा शब्द ऐकला की ती टेबलाखाली शिरायची. लेक तिला ओल्या टॉवेलने पुसून काढायची. केस धुतलेच गेले नव्हते, आणि ते वासावरून कळत होतं.

उपाय खालच्या मजल्यावरून आला. तिथल्या बाईची दोन पोरं टबात बसून अंगाला आणि फरशांना रंग फासत, आणि पाणी ओतलं की सगळं निघून जाई. रंग ती घरीच करायची. लेकीने तिच्याकडून विचारून आणलं आणि शुक्रवारी बाहेर पडता पडता चपला घालत आईला सांगितलं.

"कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवायचं, गुठळी ठेवायची नाही. मंद आचेवर ढवळत राहायचं, खिरीसारखं झालं की उतरवायचं. निवलं की लहान मुलांचा साबण घालायचा, तो डोळ्यांना न झोंबणारा, निळ्या बाटलीतला. मग वाट्यांत काढून खाण्याचा रंग, एकेका वाटीत एकच थेंब. चार वस्तू, आई. पाचवी नाही."

"मला रंग करायला शिकवतेस?"

"आंघोळीचा रंग शिकवतेय," लेक म्हणाली आणि गेली.

ढवळायचं काम भिंगरीला आवडलं. कधी नव्हे ते या घरात तिच्या हाताला शोभेल असं काम मिळालं होतं. गुठळी झाली नाही. पीठ दुधाळ होतं ते हळूहळू पारदर्शक झालं, चमच्यावरून जाड धारेने पडू लागलं. ते निवेपर्यंत तिने ओटा पुसला, चिमटे टांगले, टांगलेले चिमटे लांबीप्रमाणे लावले. साबण घातला. तीन वाट्या भरल्या. लाल, पिवळा, निळा, एकेक थेंब.

मग तिने निळ्यात ब्रश बुडवून न्हाणीघराच्या भिंतीवरच्या फरशीवर एक रेघ ओढली.

रेघ फिकी होती, आणि ती बघत असतानाच ओघळली. खाली येईपर्यंत रंग उरलाच नाही, नुसता बुळबुळीत ओघळ राहिला. तिने आजूबाजूला पाहिलं. न्हाणीघरात कोणी नव्हतं. तरी तिला भोवती माणसं उभी असल्यासारखं वाटलं.

ती परत ओट्याशी आली. निळ्यात आणखी थेंब टाकले, मग बाटली थोडी दाबली, मग जरा जास्त. लाल-पिवळ्याचंही तेच. रंग आता कसा रंगासारखा दिसू लागला. पुढचं तिने विचार करून केलं असं म्हणता येणार नाही. हौदात आम्ल नेहमी शेवटी पडायचं, रंग तयार झाल्यावर, आणि रंग तयार झालेला तिला समोर दिसत होता. हात वर फळीकडे गेला, व्हिनेगरची बाटली खाली आली, प्रत्येक वाटीत चमचाभर पडलं, झाकण लागलं, बाटली जागेवर गेली. हे सगळं होताना ती गुंडीला हाक मारत होती.

"गुंडे, इकडे ये. तुला रंगवायचंय ना?"

"आंघोळ नाही," टेबलाखालून उत्तर आलं.

"आंघोळ कोण म्हणतंय? रंगकाम आहे. कपडे खराब होतील म्हणून ते काढायचे, आणि पाय गार पडू नयेत म्हणून टबात पाणी."

गुंडीने यावर थोडा विचार केला. युक्तिवादात तिला खोट सापडली नाही.

पुढचा तास भिंगरीच्या आयुष्यातल्या चांगल्या तासांपैकी एक होता. पाणी तिने चांगलं कोमट ठेवलं होतं, गार पडू लागलं की तांब्याने गरम घालत होती. गुंडीला लाल-पिवळ्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिने निळी वाटी मांडीवर घेतली, आणि आधी एक बोट, मग पंजा, मग कोपरापर्यंत हात बुडवला. दोन्ही हातांना निळे हातमोजे झाले, पायांना निळे मोजे झाले, पोटावर दोन निळे पंजे उमटले. ते तसेच ठेवून ती भिंतीच्या फरशीवर ब्रशने काहीतरी काढत बसली. आजीने मध्येच तिचं डोकं मागे कलतं केलं, पाणी घातलं, साबण लावला, धुऊन टाकला. गुंडी ब्रश हलवत राहिली. रडणं सोडाच, तिने विचारलंसुद्धा नाही.

भिंगरीला वाटलं, आत्ता लेक दारात उभी असायला हवी होती.

मग तिने स्वच्छ पाणी ओतलं. फरशा धुऊन निघाल्या. टब निघाला. ब्रश निघाला. गुंडीचे हात निळेच राहिले.

तिने पुन्हा पाणी ओतलं, साबण लावला. फेस पांढराच आला. फेसाखालून हात जसेच्या तसे वर आले, सारखे, न डागाळलेले, कोपरापर्यंत एकाच छटेचे. उत्तम धरलेला रंग होता तो. मास्तरने दोरा बादलीत टाकला असता तर पाणी स्वच्छ राहिलं असतं.

ऊब, आंबट आणि वेळ. लोकरीला रंग धरायला एवढंच लागतं, नवीन आलेल्या पोरींना तिनेच हे शिकवलं होतं. तिन्ही गोष्टी तिने आपल्या हाताने पुरवल्या होत्या. आणि लोकर तरी शेवटी कशावर उगवते, कातडीवरच.

इथे थांबली असती तरी चाललं असतं. पण थांबणं हे तिला कधी जमलं नाही. धरलेला रंग उतरवायचा कसा, तेही तिला ठाऊक होतं. त्याला सोडा लागतो. तिने स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा आणला, ओल्या हातावर लावला आणि टॉवेलच्या खरबरीत बाजूने घासायला घेतलं. गुंडी आधी हसली, तिला गुदगुल्या झाल्या. मग गप्प झाली. मग हात ओढू लागली.

"झालं हं, झालं. जरासंच राहिलंय."

"नको आजी."

"हा एवढा हात. नखांपाशी बघ, निघतंय बघ."

निघत होतं ते फारच थोडं. निळं फिकट झालं आणि त्याच्या कडेने लाल चढू लागलं. कारखान्यात रंग उतरवताना ती अशीच मान खाली घालून घासायची, पण लोकर रडत नसे. गुंडी आता भोकाड पसरून रडत होती आणि टबाबाहेर एक पाय टाकत होती. मग कुठे भिंगरीचा हात थांबला.

त्यानंतर तिने बरंच काही केलं. गुंडीला कोरडं केलं, खोबरेल तेल लावलं. लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर शोधून घातला, पायांत मोजे घातले. फोन उचलला आणि ठेवला. वाट्या घासल्या. फोन पुन्हा उचलला, लेकीचा नंबर लावला आणि पहिली घंटा वाजायच्या आत बंद केला. बाहेर रणरणतं ऊन होतं. गुंडी पंख्याखाली स्वेटर घालून बसली होती आणि न्हाणीघराच्या दाराकडे पाठ करून ठोकळे रचत होती. आजी जवळ आली की हात मांडीखाली घालत होती.

आधी जावई आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि दिवसभर बंद खोक्यांमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देऊन देऊन त्याला घरीही तसंच बोलायची सवय लागली होती.

"आई, ही कुठे बर्फात निघालीय का?"

"सर्दी होईल तिला."

"या उन्हात?" त्याने गुंडीच्या बाहीतून बाहेर आलेली बोटं पाहिली. एक बोट धरून उजेडात फिरवलं. "शाई?"

"रंग. निघाला नाही."

"अहो निघेल. माझे हात ग्रीसचे असतात, लग्नातल्या फोटोतसुद्धा काळी नखं आहेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी सांगू का, माझ्याकडून झालं म्हणून? मला बोलणी खायची सवय आहे."

"तुम्ही तुमच्या लिफ्टा बघा," भिंगरी म्हणाली. "माझं मी सांगेन."

सांगायची वेळ आलीच नाही. लेक दारातून आत आली, पर्स ठेवली, घामेजलेली गुंडी पाहिली आणि सरळ तिच्यासमोर खाली बसून बाही वर केली.

"पाचवं काय घातलंस?"

"व्हिनेगर."

"का?"

"रंग सुटत होता."

"तो सुटायलाच हवा होता ना, आई."

भिंगरीने लेकीची पर्स सरळ करून ठेवली. ती म्हणाली, "केस धुऊन घेतले तिने. रडली नाही. अगदी मजेत बसली होती."

लेकीने दुसरी बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते, तिथे लाल ओरखडल्यासारखं झालं होतं. तिने त्यावर बोट न लावता ते पाहिलं.

"आणि हे?"

"घासलं मी."

"व्हिनेगरचं मी समजू शकते," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि त्यानेच भिंगरीची पाचावर धारण बसली. "निळी पोरगी. काय होणार होतं? चार लोक हसले असते, आपण हसलो असतो. आठवड्यात गेलाही असता. घासायला कोणी सांगितलं होतं?"

"तू यायच्या आत निघावं म्हणून."

"तेच तर."

स्वेटर काढल्यावर गुंडी वडिलांकडे गेली आणि पोट उघडं करून पोटावरचे दोन पंजे दाखवू लागली. तिथे कोणी घासलं नव्हतं. त्यांचा तिला अभिमान होता.

शनिवारी संध्याकाळी लेकीने स्वतः रंग केला, चार वस्तूंचा. भिंगरी ओट्यापासून लांब उभी होती. ढवळताना लेकीचा चमचा तळाला लागत नव्हता, एका बाजूला गुठळी धरत होती, हे तिला लांबूनही दिसलं. ती गच्चीवर जाऊन वाळलेले कपडे घेऊन आली. परत आली तेव्हा गुंडी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर अडून बसली होती.

"आजी बाहेर," ती म्हणत होती.

"आजी बाहेरच आहे."

"दार लाव."

दार लागलं. भिंगरी बाहेर उभी राहिली. आतून पाण्याचा आवाज आला, लेकीचा काहीतरी समजावणारा आवाज आला, एकदा गुंडीचा कुरकुरता सूर आला आणि विरला. भिंगरी दारापासून खिडकीपर्यंत गेली, खिडकीपासून दारापर्यंत आली. जावई पेपर वाचत होता. तो पेपराआडून म्हणाला, "आई, फरशी झिजेल."

"झिजू दे."

रात्रीच्या जेवणात पाळणाघराचा विषय निघाला नाही. निघाला नाही याचाच भिंगरीला जास्त घोर लागला. निघाला असता तर काहीतरी बोलता आलं असतं. आपण सोमवारी पहाटेच आपल्या खोलीवर जावं, म्हणजे लेकीला तोंडाने नाही म्हणावं लागणार नाही, असंही तिने मनाशी ठरवून पाहिलं. पिशवी भरली. मग गुंडीचे वाळलेले फ्रॉक घडी घालायला घेतले आणि पिशवी तशीच राहिली.

रविवारी पुन्हा रंग झाला, पुन्हा दार लागलं. या वेळी आतून हसण्याचा आवाज येत होता. भिंगरी दाराशी होती. खरं तर ती दाराला टेकूनच होती, त्यामुळे आतून हाक आली तेव्हा दचकली.

"आजी."

"काय गं?"

"बघायला ये. हात मागे."

"काय?"

"हात मागे करून यायचं," गुंडी म्हणाली. "नाहीतर नाही."

भिंगरीने दार खांद्याने ढकललं आणि हात पाठीमागे धरून आत गेली. गुंडी टबात उभी होती. तिच्या हातांवरचा निळा आता जुन्या धुण्यासारखा फिका पडला होता. भिंतीवर तिने काहीतरी मोठं काढलं होतं. खाली लाल, वर पिवळं, मधे ब्रश दाबून केलेला एक ढब्बू डाग, आणि सगळं मिळून हळूहळू खाली ओघळत होतं. पिवळा लालमध्ये शिरत होता. एक ओघळ फरशीच्या सांध्यातून वळून टबाच्या कडेवर टपकत होता. पुसायचा फडका नळावर, भिंगरीच्या हाताच्या अंतरावर होता.

लेक स्टुलावर बसली होती. ती चित्राकडे बघत नव्हती. ती आईच्या पाठीकडे बघत होती, जिथे एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलं होतं.

"छान आहे," भिंगरी म्हणाली.

"हे तू आहेस," गुंडी म्हणाली आणि त्या डागावर आणखी एक फटका मारला.

चित्र निम्मं खाली आलं होतं.

"उद्या सकाळी पाळणाघर," लेक म्हणाली. "दुपारी तू तिला तिथून आण. संध्याकाळी मी येईपर्यंत ती तुझ्याकडे."

"आणि आंघोळ?"

"आंघोळ मी घालेन."

"रोज?"

"सध्या."

भिंगरीने मान हलवली. अर्धा दिवस मिळाला होता, अर्धा गेला होता. नापास म्हणता येत नव्हतं, पास म्हणण्यासारखंही नव्हतं. सकाळच्या त्या मोकळ्या वेळाचं आपण काय करणार, हा विचार तिच्या मनात आत्ताच येऊन गेला आणि तिचे पाय जागच्या जागी चुळबुळले. गुंडीने ब्रश पाण्यात बुचकळला आणि भिंतीवरच्या आजीकडे पाहिलं. ती आता जवळजवळ सगळी टबात उतरली होती.

"पडली," गुंडी समाधानाने म्हणाली. "आता परत काढते. तू तिथेच थांब."

भिंगरी तिथेच थांबली. पाठीमागची बोटं आळीपाळीने उघडत-मिटत होती, पण हात सुटले नाहीत.